पणजोबांचं लष्करी रेकॉर्ड शोधताय? अर्ज टाकायच्या आधी हे वाचा

अर्ज परत येतात ते बहुतेक एकाच कारणाने. 'आमचे पणजोबा सखाराम, जिल्हा सातारा, पहिल्या महायुद्धात होते, त्यांची माहिती मिळावी' एवढंच लिहिलेलं असतं. आता साताऱ्यातून किती सखाराम भरती झाले असतील याचा जरा विचार करा. ब्रिटिश इंडियन आर्मीतल्या साध्या शिपायाची वेगळी फाइल दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सापडेल ही आशा सोडा, आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत जी सर्व्हिस रेकॉर्ड आहेत ती मुख्यतः अधिकाऱ्यांची. शिपायांचे कागद रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे राहिले, मराठ्यांचे म्हणजे बेळगावला, आणि इतक्या जुन्यातलं बरंचसं टिकलेलंच नाही. त्यामुळे माणूस शोधायचा तो पलटणीच्या कागदांतून, आणि त्यासाठी लागतो रेजिमेंटल नंबर आणि युनिट. नेमकं हेच कुणाकडे नसतं.

घरात मेडल असेल तर मात्र नंबर तुमच्याकडेच आहे. पहिल्या महायुद्धाच्या मेडलची कड भिंगाखाली धरा, तिथे नंबर, हुद्दा, नाव, युनिट ठोकलेलं असतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांची मेडलं कोरीच आली, पण भारतीयांना दिलेल्यांवर नाव आहे, स्टार असेल तर मागची बाजू बघा. आणि हात जोडून सांगतो, आधी पितांबरी लावून घासू नका, अक्षरं झिजली की गेलं सगळं. मेडल विकून टाकलं असेल तर जुन्या ट्रंका काढा, डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, जंगी इनामाची (लष्करी कामगिरीबद्दलच्या इनामाची) सनद, काहीही चालेल.

दुसरी गडबड पलटणीच्या नावाची. 1922 मध्ये सगळे नंबर बदलले, 110 वी मराठा झाली 3/5 (म्हणजे पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी बटालियन), 117 वी झाली 5/5, त्यामुळे 1916 मध्ये इराकमधल्या कुतला अडकलेला माणूस '3/5 मराठा' टाकून सापडणारच नाही. (29 एप्रिल 1916 ला कुतला जी सहावी पुणे डिव्हिजन शरण गेली तिच्यात 103, 110 आणि 117 तिन्ही होत्या.) तसंच 111 महार ही पलटण 1917 ची, 1921 ला ती मोडली. आत्ताची महार रेजिमेंट 1941 ला बेळगावात उभी राहिली, तिच्याकडे पहिल्या महायुद्धाचा अर्ज टाकून काय मिळणार?

अर्जाचा भाग सोपा आहे. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर फुकट नोंदणी करा, युनिटचं नाव आणि वर्ष टाकून शोधा, वॉर डायरी (युनिटची युद्धकाळातली रोजची नोंदवही) मागा. प्रत्यक्ष जाणार असाल तर ओळखपत्र आणि कॉलेज किंवा संस्थेचं पत्र जवळ ठेवा. परदेशी पासपोर्ट असलेल्यांना त्यांच्या देशाच्या दूतावासाचं पत्र लागतं, हे लोकांना दिल्लीत पोचल्यावर कळतं. वॉर डायरीत शिपायाचं नाव क्वचितच येतं, पण पलटण त्या दिवशी कुठे होती ते कळतं.

आता ते '25 वर्षं' प्रकरण. 25 वर्षं झाली म्हणजे फाइल आपोआप खुली, असा समज आहे. तसं नाही हो! आधी ती खात्याने तपासून अभिलेखागाराकडे पाठवायला लागते, आणि खातं पाठवतच नसेल तर तुम्ही बसा मोजत. 1962 च्या युद्धाचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल अजूनही गोपनीयच आहे.

माहिती अधिकारात 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार आला तर गप्प बसू नका. कलम 8(3) प्रमाणे 20 वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती फक्त 8(1) च्या, इंग्रजी प्रतीतल्या ए, सी आणि आय (a, c, i) उपकलमांखाली अडवता येते, आणि वैयक्तिक माहितीचं उपकलम त्यात नाही. 30 दिवसांत पहिलं अपील टाका. अर्थात कागदच नष्ट झालाय असं उत्तर आलं तर अपिलाने तो परत येत नाही.

युद्धात वारलेल्यांसाठी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची साइट बघा. त्यांच्या तारखा 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 आणि 3 सप्टेंबर 1939 ते 31 डिसेंबर 1947, म्हणजे पहिल्या युद्धानंतर 1920 मध्ये नोकरीत असताना आजाराने गेलेलाही त्यात येऊ शकतो, पण जिवंत घरी आलेले पणजोबा तिथे शोधण्यात अर्थ नाही. मराठाचं इंग्रजी स्पेलिंग तेव्हा Mahratta असायचं, तेच टाका. आडनावाने नाही सापडलं तर गावाने शोधा, बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. आणि पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांची 2021 ला ऑनलाइन आलेली ती लाखो नावांची यादी फक्त पंजाबची आहे, तिथे रत्नागिरी शोधत वेळ घालवू नका.

फोटो-फिल्म हवी असेल तर लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमचा ऑनलाइन संग्रह युनिटच्या नावाने चाळा. इटलीत 1944-45 ला मराठा पलटणी लढत होत्या, यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथलाच. कॅप्शनमध्ये सहसा जागा, तारीख, युनिट एवढंच असतं, शिपायाचं नाव बहुतेक नसतंच, म्हणून चेहरा जुळतोय एवढ्यावरून फोटो फ्रेम करून भिंतीवर लावायच्या आधी ती तारीख वॉर डायरीशी ताडून बघा.