युनिट सुटल्यावर

ठाण्या-नवी मुंबईत एमएस, एमडी होऊन प्रॅक्टिस थाटलेले तरुण डॉक्टर हल्ली मेंटॉरशिपबद्दल आवर्जून विचारतात. पदवी हाती असताना पुन्हा गुरू कशाला, असं बाहेरच्यांना वाटतं. पण ही गरज कुठून आली, हे आमच्या पिढीने पाहिलं आहे.

मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज आणि १९२६ साली परळचं केईएम सुरू झालं. तिथलं शिक्षण पुढे युनिटवर चाललं : वर बॉस, खाली लेक्चरर, रजिस्ट्रार, हाउसमन. अनेक बॉस मानद असत. सकाळी रुग्णालय, संध्याकाळी स्वतःचं कन्सल्टिंग. त्यामुळे हाताखालच्यांना ऑपरेशनबरोबर व्यवहारही कळायचा. कोणती केस आपण घेऊ नये, फी कधी सोडावी, वाईट बातमी कुणाला आधी सांगावी. हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

१९७० साली सिडको आली, १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला. वस्तीमागोमाग डॉक्टर आले आणि दहा-पंधरा खाटांची नर्सिंग होम उभी राहिली. युनिट मात्र खाडीपलीकडेच राहिलं. वाशीतल्या माझ्या पहिल्याच वर्षी पित्ताशय काढताना रक्त थांबेना. मी मॉप दाबून धरला, सिस्टरने माझ्या युनिटच्या सरांना फोन लावून रिसीव्हर माझ्या कानाला धरला. "दहा मिनिटं नुसतं दाबून धर. न दिसता क्लॅम्प लावू नकोस," सर म्हणाले. रक्त थांबलं. ज्याला असा फोन करायला माणूस नव्हता, त्याने काय केलं असेल, हा विचार आजही मनात येतो.

१९९० साली डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी जेजेमध्ये देशातली पहिली दुर्बिणीतून पित्ताशयाची शस्त्रक्रिया केली आणि आमच्यासारख्या शिकून झालेल्यांनाही पुन्हा विद्यार्थी व्हावं लागलं. दोन दिवसांच्या वर्कशॉपात तंत्र कळतं. पण पहिल्या वीस केसेसना शेजारी स्क्रब होऊन उभं कोण राहणार?

नेरूळ, कामोठे आणि कळव्याला वैद्यकीय महाविद्यालयं झाली, पण बाहेर एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्याला त्यांचा आधार क्वचितच मिळाला. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणी नूतनीकरणाला पाच वर्षांत पुढच्या शिक्षणाचे ३० क्रेडिट (गुण) लागतात; ते परिषदांना बसून जमतात. २०१९च्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात संवाद आणि नीतिमत्ता आली, ती विद्यार्थ्यांसाठी.

आणखी एक अडचण उघड बोलली जात नाही. शिकवलेला मुलगा उद्या त्याच गल्लीत पाटी लावेल, ही धास्ती ठाण्याच्या नौपाड्यातल्या ज्येष्ठ डॉक्टरला असते आणि ती खोटी नाही. म्हणून गावाबाहेरचा मेंटॉर बरा पडतो.

माझ्याकडे पनवेलची एक सर्जन दर गुरुवारी येते. परवा तिला ऑपरेशनबद्दल काही विचारायचं नव्हतं. "सर, पेशंट गेला. त्यांच्या घरी जाऊ का?" त्या संध्याकाळी आम्ही दोघं गेलो.