खोलीत भाजी लावताय? मग एक पंखा पुरणार नाही

रिकाम्या खोलीत एलईडी लावून लेट्यूस (सॅलडची पालेभाजी) नायतर मायक्रोग्रीन्स (कोवळी असतानाच कापून खायची रोपं) काढणारे हल्ली बरेच दिसतात, लाइट, बी, कोकोपीट सगळ्याची नीट चौकशी करतात, पण हवेचं कोणी विचारतच नाही, आणि मला याचंच वाईट वाटतं कारण चांगलं आलेलं पीक नुसत्या कोंदटपणाने जातं.

दहा बाय दहाची खोली धरा, उंचीपण दहा फूट. २५ डिग्रीला त्या अख्ख्या खोलीतल्या हवेत जास्तीत जास्त साधारण ६५० ग्रॅम पाण्याची वाफ मावते, पाऊण लिटरपण नाही! आणि झाडं मुळांनी ओढलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांच्या आसपास पानांतून परत हवेतच सोडतात, मग रोज घातलेलं पाणी जाणार कुठे? २५ डिग्रीला ७५ टक्के आर्द्रता दाखवणारी हवा रात्री लाइट बंद झाल्यावर २० डिग्रीला आली की शंभर टक्क्यांना टेकते, पानांवर दव धरतं, आणि मग बुरशीला अजून काय पाहिजे.

आता पंख्याचं. छोटा फिरता पंखा हवा फक्त हलवतो. ते काम महत्त्वाचंच आहे, कारण पानाला चिकटून स्थिर हवेचा एक पातळ थर असतो, तो हलला नाही तर पानातलं पाणी बाहेर पडत नाही, आणि कॅल्शियम त्या पाण्याच्या ओढीबरोबरच वर येतं. लेट्यूसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपलेल्या दिसतात ना, तिथे बऱ्याचदा खतात कॅल्शियम भरपूर असतं, फक्त गड्ड्याच्या आत वारा पोचत नाही. पंखा वरून खाली मारून बघा. स्पेस स्टेशनवर तर गरम हवा आपोआप वर जातच नाही, म्हणजे पंख्याशिवाय हवा हलायची नाही, तिथे २०१५ च्या डिसेंबरात झिनियाच्या रोपांना बुरशी लागली, तेव्हा पंख्याचा स्पीड वाढवला, अंतराळवीर स्कॉट केलीने बुरशीची पानं कापली आणि २०१६ च्या जानेवारीत फूल उमललं.

पण फिरता पंखा बाहेरची ताजी हवा आणत नाही. बाहेर कार्बन डायऑक्साइड ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) वर आहे, बंद खोलीत लाइट चालू असताना झाडं तो खाऊन कमी करतात, २०० च्या खाली गेला की वाढ रखडते. स्प्लिट एसीपण आतलीच हवा थंड करून परत सोडतो, त्यामुळे एसी आहे म्हणून एक्झॉस्ट (आतली हवा बाहेर फेकणारा पंखा) नको हे साफ चूक. एक्झॉस्ट वर लावा, हवा आत यायची जागा समोरच्या भिंतीला खाली, आणि तिला बारीक जाळी, नाहीतर पांढरी माशी आणि फुलकिडे आलेच. जाळीने हवा अडते म्हणून ती जागा एक्झॉस्टपेक्षा बरीच मोठी ठेवा.

कोकणात, मुंबईत पावसाळ्यात मात्र हे गणित उलटं होतं, बाहेरचीच हवा ९० टक्के दमट, दिवसभर एक्झॉस्ट चालवला तर ओल आत ओढून घेता. तेव्हा लाइट चालू असताना टायमरवर थोडा थोडा वेळच एक्झॉस्ट, बाकी ओल डिह्युमिडिफायरने काढायची, आणि फिरता पंखा रात्रीसुद्धा बंद करायचा नाही.