कुरळ्या केसांची घरची निगा: धुण्यापासून सुकेपर्यंत

कंडिशनर किंवा जेल घेताना ग्राहक विचारतात, "किती लावायचं?" त्याआधी ते कधी लावायचे, हे कळायला हवे. केस ओला झाला की त्यातले हायड्रोजन बंध सुटतात आणि सुकताना पुन्हा जुळतात. सुकताना केस जसा वळलेला असेल तसाच तो पुढच्या धुण्यापर्यंत राहतो. म्हणून विंचरणे, जेल लावणे, बटा वळवणे हे सगळे केस ओले असतानाच उरकावे. सुकायला लागले की हात लावू नये. सुक्या कुरळ्या केसांत फणी घातली की बटा सुटतात, एकेक केस वेगळा होतो आणि डोके पिंजलेल्या कापसासारखे दिसते.

दुसरी गोष्ट तेलाची. टाळूतून पाझरणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते, वळणावळणाच्या केसात ते मुळाशीच अडकते. मग टाळू तेलकट आणि टोके कोरडी, दोन्ही एकाच डोक्यावर! शाम्पू टाळूला आणि कंडिशनर टोकांना, ही विभागणी त्यासाठीच.

धुण्याआधी

खोबरेल केसाच्या आत शिरते, त्यामुळे धुताना केस कमी फुगतो आणि कमी झिजतो. खांद्यापर्यंतच्या केसांना २ चहाचे चमचे तेल मधल्या भागापासून टोकांपर्यंत लावून तासभर ठेवा. कोंडा असेल तर टाळूला तेल चोळू नका. कोंड्यामागे जी बुरशी असते ती तेलावरच पोसते.

धुणे

आठवड्यातून एकदा किंवा दोनदा पुरे. शाम्पू तळहातावर पाण्यात मिसळून बोटांच्या पेरांनी फक्त टाळूला चोळा. खाली ओघळणाऱ्या फेसाने बाकीचे केस आपोआप धुतले जातात. डोक्यावर केसांचा गोळा करून घासलात की गुंता झालाच समजा.

शिकेकाई वापरत असाल तर पूड थेट लावू नका, तिचे कण बटांत अडकतात आणि दोन दिवस गळत राहतात. २ मोठे चमचे पूड अर्धा लिटर पाण्यात १० मिनिटे उकळा, निवल्यावर दुहेरी मलमलीतून गाळा आणि फक्त पाणी वापरा. डोळे घट्ट मिटून घ्या, फार झोंबते. अंगाचा साबण मात्र केसांना नकोच. तो अल्कधर्मी असतो, त्याने केसावरचे खवले उघडतात.

आता कंडिशनर. खांद्यापर्यंतच्या केसांना २ ते ३ मोठे चमचे लागतात. (आमचाच हवा असे नाही, पण हात कंजूष नको.) केसांचे चार भाग करा. प्रत्येक भागात आधी बोटांनी, मग रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर सरकत गुंता सोडवा. मुळापासून खाली ओढले तर सगळ्या गाठी एका जागी जमतात आणि केस तिथेच तुटतो. केस पाण्यात सोडलेल्या शेवाळासारखा बुळबुळीत लागला पाहिजे. मग धुऊन टाका.

जेल आणि सुकवणे

केसांतून पाणी ठिबकत असतानाच जेल लावा. अर्धवट सुकलेल्या केसांना लावलेले जेल सारखे पसरत नाही. मग खाली वाकून बटा तळहातात घेऊन टाळूकडे दाबा. टर्किश टॉवेलने चोळू नका, त्याच्या धाग्यांत केस अडकतात. सुती पंचा किंवा जुना टी-शर्ट घेऊन नुसते टिपा. पंख्याखाली बसा आणि पूर्ण सुकेपर्यंत केसांना शिवू नका. सुकल्यावर बटा कडक लागतील, त्याने घाबरू नका. तळहाताला २ थेंब खोबरेल लावून बटा हलके चुरगाळा, कडकपणा जातो आणि वळण राहते.

जवसाचे जेल घरी

४ मोठे चमचे अख्खे जवस, अर्धा लिटर पाणी. मध्यम आचेवर सतत ढवळा. ७ ते १० मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे होते आणि चमच्यावरून तार सुटते. त्याच क्षणी गॅस बंद करून गरम असतानाच गाळा. निवले की ते बियांना असे धरून बसते की कापडातून उतरतच नाही. जास्त उकळून घट्ट झाले तर थोडे गरम पाणी घालून लगेच गाळा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते, बर्फाच्या साच्यात गोठवल्यास जास्त. आंबूस वास आला की फेकून द्या. सुकल्यावर केसांवर पांढरे कण दिसले तर बहुधा जेल जास्त झाले किंवा जेलआधी क्रीम लावले असेल तर त्याच्याशी जमले नाही. तळहातावर दोन्ही एकत्र चोळून आधीच बघा.

सगळे करूनही केस राठ?

पाणी तपासा. धरणाच्या पाण्यावर चालणाऱ्या नळाला हा त्रास सहसा कमी. बोअर आणि टँकरच्या पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार केसांवर साचतात आणि मग कंडिशनरचाही उपयोग होत नाही. साबणाला फेस येत नसेल तर पाणी जड आहे. शेवटचा लिटरभर पाण्याचा मग आरओच्या किंवा पावसाच्या पाण्याचा घ्या, त्यात १ मोठा चमचा पांढरे व्हिनेगर घाला. टाळूला जखम असेल तर व्हिनेगर नको. जुना थर काढायला महिन्यातून एकदा चिलेटिंग (म्हणजे साचलेले क्षार धरून काढणारा) शाम्पू लावा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणाच्या दमट हवेत ग्लिसरीन जास्त असलेली क्रीम केसात ओलावा ओढते आणि केस फुगवते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तेच ग्लिसरीन केसातला ओलावा ओढून घेऊ शकते. घटकांच्या यादीत ग्लिसरीन पहिल्या चार-पाच नावांत असेल तर या दोन्ही दिवसांत ती बाटली बाजूला ठेवा.

रात्री केस डोक्याच्या वर सैल अंबाड्यात बांधा आणि उशीला जुन्या रेशमी साडीचा अभ्रा घाला. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या वेण्या आदल्या संध्याकाळी केस दमट करून, कंडिशनरचा हात फिरवून घाला. सकाळी घाईत कोरडे केस ओढून घट्ट वेण्या घातल्या तर कपाळावरचे केस हळूहळू विरळ होतात. तिथली त्वचा दुखत असेल किंवा बारीक फोड आले असतील तर वेणी त्याच दिवशी सैल करा. विरळपणा वाढत असेल तर तेल-जेल बदलत बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.