पायातल्या मुंग्या आणि फोनमधला आजार

जानेवारी २०२५. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेची धूळ अजून खाली बसायची होती, आणि पुण्यात गिलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण रोज वाढत असल्याच्या बातम्या येत होत्या. त्यातच पुण्याहून सोलापूरला आलेल्या एका संशयित रुग्णाचा इथे मृत्यू झाल्याचं कळलं. मग तो आजार पुण्याचा राहिला नाही, आमच्या गल्लीतला झाला. त्याच आठवड्यात साखर पेठेतल्या आत्याचा रात्री साडेअकराला फोन आला.

"पायाला मुंग्या यायल्यात रे. टीव्हीवर तेच सांगायलेत. जरा फोनमध्ये बघ की."

मी बघितलं. ‘टिंगलिंग इन फीट’ असं टाकलं. थोडं खाली सरकवताच जीबीएस आलं, त्याखाली श्वासाचे स्नायू दुबळे होणं, त्याखाली व्हेंटिलेटर. पंधरा मिनिटांत माझ्या डोक्यात आत्या अतिदक्षता विभागात पोचली होती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही डाव्या पायाचा अंगठा बधिर वाटायला लागला होता. आत्याला एक साधा प्रश्न मात्र मी विचारला नव्हता: कधीपासून?

जीबीएस हा भीती वाटावी असाच आजार आहे, यात वाद नाही. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, गिलेन, बॅरे आणि स्ट्रोल या तीन फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांमध्ये त्याचं वर्णन केलं. (बिचाऱ्या स्ट्रोलचं नाव पुढे गळालं ते गळालंच.) बऱ्याचदा आधी जुलाब होतात. त्यामागे कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू असेल तर त्याच्या आवरणावरचे काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरच्या रेणूंसारखे दिसतात. जिवाणूसाठी तयार झालेली प्रतिपिंडं चुकून आपल्याच तंतूंवर तुटून पडतात. पाय दुबळे होतात, मग ते वर चढत जातं, आणि हे सगळं काही दिवसांत, फार तर चार आठवड्यांत टोकाला पोचतं. पण कॅम्पिलोबॅक्टरची लागण झालेल्यांतही साधारण हजारात एकालाच हे होतं.

आता पाटी-पेन्सिल घेऊ. एरवी जीबीएस वर्षाला लाखात एक-दोघांना होतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती, म्हणजे शहरात वर्षाला दहा-वीस रुग्ण. साथ आहे म्हणून दहापट धरा, दोनशे. दुसरीकडे मधुमेह. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशातल्या ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह असल्याचं दिसलं. तेच प्रमाण सोलापूरला लावलं तर साठ-सत्तर हजार माणसं होतात. त्यांतल्या पाचातल्या एकाच्या पायात मुंग्या येतात असं नुसतं धरून चाललं, तरी बारा-तेरा हजार. त्यात ब जीवनसत्त्वाची कमतरता, दबलेली नस, थायरॉइड आणि तासभर मांडी घालून बसणं हे मिळवलेलंच नाही. म्हणजे त्या रात्री सोलापुरात मुंग्या आलेल्या माणसांना एका मैदानात उभं केलं असतं, तर जीबीएसचा माणूस शोधायला कंदील लागला असता.

फोनला हे मैदान दिसत नाही. त्याला दिसतात लिहिलेली पानं, आणि पानं लिहिली जातात ती दुर्मीळ आणि भयंकर गोष्टींवर. मांडी घालून बसल्यामुळे मुंग्या आल्या, याची बातमी कोण करणार? डोकेदुखीवरून मेंदूच्या गाठीपर्यंत माणूस शोधाच्या किती थोड्या पायऱ्यांत पोचतो, हे मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी २००८ सालीच दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. मी फोन उघडून तयार होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मावशी, कधीपासून?"

"दिवाळीच्या आधीपासून."

जीबीएस तिथेच निम्म्याहून जास्त मागे पडला. तीन महिने जागच्या जागी राहणाऱ्या मुंग्या त्याच्या चालीत बसत नाहीत. पुढचे प्रश्न मला कुठल्याच पानावर दिसले नव्हते. चालताना चप्पल पायातून निघून गेली तर कळतं का? कापसावर चालल्यासारखं वाटतं का? उकिडवं बसून हात न टेकता उठता येतं का? मग गुडघ्यावर छोटा हातोडा: पाय उडाला. जीबीएसमध्ये हा झटका सहसा मंदावतो किंवा जातोच. मग घोट्याच्या हाडावर थरथरता नादकाटा: त्याची थरथर आत्याला नीट कळत नव्हती. शेवटी, "गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"काही नाही. ती शुगरची नेहमीचीच."

नेहमीची म्हणजे मेटफॉर्मिन, बारा वर्षं. ही गोळी चांगलीच आहे, पण वर्षानुवर्षं घेतली तर लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ब-१२ जीवनसत्त्व शोषलं जाण्यात अडथळा येऊ शकतो. त्यात आत्या माळकरी, आणि ब-१२ मुख्यतः मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. मज्जातंतूंवर तारेच्या वेष्टनासारखं मायलिनचं आवरण असतं, ते नीट राहायला ब-१२ लागतं. मधुमेह स्वतःही तंतू खराब करतो, आणि सुरुवात सगळ्यांत लांब तारांपासून होते. कमरेपासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी तार जवळजवळ मीटरभर असते, म्हणून बोभाटा आधी पायाकडूनच होतो. रक्त तपासलं तर ब-१२ कमी आणि साखरही वाढलेली. डॉक्टरांच्या मते दोन्हींचा हात होता.

आता मला टोचलेली गोष्ट. वय, बारा वर्षांची गोळी, माळ, दिवाळी ही सगळी माहिती माझ्याच घरात होती. मी ती सोडून दिली आणि एका इंग्रजी शब्दाच्या मागे लागलो.

या शब्दांचंच घ्या. अंगातल्या तक्रारींसाठी मराठीकडे भांडार आहे: ठणका, कळ, चमक, कुरतडल्यासारखं, हुळहुळणं, भरून येणं. ‘पेन’ म्हटलं की सगळं सपाट. ‘चक्कर’ तर तीन वेगळ्या दुखण्यांचं एक नाव. खोली गरगर फिरते ती चक्कर बहुतेक वेळा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागातली. उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते ती रक्तदाब उतरल्याची किंवा रक्त कमी असल्याची असू शकते. डोकं ठीक, पण चालताना तोल जातो, तिचा उगम मेंदूत किंवा पायांच्या तंतूंत. शोधाच्या चौकटीत तिन्ही एकाच शब्दाने जातात. उलट ‘पित्त झालंय’ म्हणताना कुणाला छातीत जळजळ म्हणायची असते, कुणाला अर्धशिशी, कुणाला अंगावर उठलेल्या गांधी. सोलापुरात तर एका बाकावर तीन भाषा: आपल्या मुंग्या, तेलुगूत तिम्मिरि, कन्नडात जोमु. इथल्या जुन्या डॉक्टरांना हे तिन्ही कळतात. फोनला अजून आपण त्याच्या भाषेतच सांगायला जातो.

चॅटबॉट आले, आता ही अडचण संपली, असं वाटेल. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये यावर फार मजेशीर निष्कर्ष मांडला. आजारपणाची पूर्ण लिहिलेली गोष्ट थेट चॅटबॉटला दिली, तर जवळजवळ ९५ टक्के वेळा त्याने योग्य आजार ओळखला. मग जवळपास १,३०० सामान्य माणसांना त्याच गोष्टी देऊन, त्यांतल्या काहींना त्याच चॅटबॉटशी बोलून उत्तर काढायला सांगितलं. त्यांचं यश ३५ टक्क्यांच्याही खाली आलं. ज्यांना चॅटबॉट दिला नव्हता, त्यांच्यापेक्षा ते सरस ठरले नाहीत. यंत्र तेच, आजार तेच, पण माणसं निम्मंच सांगत होती.

म्हणून ‘गूगल करू नका’ हा डॉक्टरांच्या भिंतीवरचा टोमणा मला पटत नाही. अमेरिकेत ५,००० लोकांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, इंटरनेटवर शोधल्यानंतर लोकांचा अंदाज बरोबर येण्याचं प्रमाण ४९.८ वरून ५४ टक्क्यांवर गेलं आणि त्यांची चिंता काही वाढली नाही. फायदा थोडा, पण आहे. मात्र खरा खजिना दुसरीकडे आहे. १९७५ साली ब्रिटनमध्ये हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी ८० नव्या रुग्णांचा हिशेब मांडला, तेव्हा ६६ जणांचं अखेरचं निदान नुसत्या हकिकतीवरून आधीच झालेलं होतं. अंगाला हात लावून तपासल्यावर सात जणांचं बदललं, चाचण्यांनी आणखी सात. तपासण्या आता पुष्कळ सुधारल्या, तरी कुठली तपासणी करायची हे हकिकतच सांगते.

आणि ही हकिकत पेशाशिवाय अपुरी. इटलीच्या रामाझिनीने १७०० साली डॉक्टरांना बजावलं होतं की रुग्णाला त्याचा धंदा विचारा. सूतगिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करणाऱ्याला बिसिनोसिस, म्हणजे कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, होतो, तेव्हा सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते आणि पुढे आठवड्यात जरा सैल पडते. तिथे निदानाचा धागा खोकल्यात नसतो, वारात असतो. ‘खोकला आणि दम’ एवढंच शोधणाऱ्याला तो वार कोण विचारणार? विडी वळणाऱ्या बाईच्या मानदुखीचंही तसंच. ती दिवसभर सूप मांडीवर घेऊन मान खाली घालून बसते, हे तिला सांगण्यासारखं वाटतच नाही.

डॉक्टरांना वेळ कुठे असतो, हा आक्षेप खरा आहे. १९८४ च्या एका गाजलेल्या अमेरिकी अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाचं बोलणं तोडत होते. पण स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला ३३५ रुग्णांना मध्ये न अडवता बोलू दिलं, तर त्यांनी सरासरी ९२ सेकंदच घेतले. दीड मिनिट! आमच्याकडच्या ओपीडीत बाहेर चाळीस माणसं असली तरी दीड मिनिट मिळू शकतं, फक्त ते ‘फोनवर अमुक आजार दाखवतोय’ यात घालवायचं नाही. कधी सुरू झालं, कशाने वाढतं, कशाने उतरतं, कुठल्या गोळ्या चालू आहेत, काम काय. शंका विचारायचीच असेल तर शेवटी विचारा. मी शेवटी जीबीएसचं विचारलं, तेव्हा डॉक्टरांनी न चिडता पुन्हा एकदा हातोडा मारून दाखवला.

काही वेळा मात्र हा सगळा खटाटोप बाजूला ठेवून उठायचं असतं. छातीत ‘दुखत नाही, पण भरून आलंय’ आणि घाम फुटलाय. तोंड वाकडं झालंय, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय. पायातली ताकद तासातासाने जातेय. मधुमेहात तंतू बोथट झाल्यामुळे हृदयविकाराचा झटकाही फारशा वेदनेशिवाय येऊ शकतो, आणि घरी त्याला गॅस म्हणून सोडा पाजला जातो. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. तिथे फोन फक्त १०८ लावायला.

आत्याला ब-१२ची इंजेक्शनं सुरू झाली. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दूध आणि सिलिंडरच्या नोंदींशेजारी ती आता त्या त्या तारखेच्या चौकोनात ‘मुंग्या’ लिहिते, कधी नुसतं ‘मु.’ तंतू सावकाश सुधारतात. मार्चमध्ये बावीस चौकोन भरले होते, मेमध्ये अकरा. गेल्या आठवड्यात तिने एका चौकोनात नवीन शब्द लिहिलाय, ‘चमक, उजवा खांदा, धुणं वाळत घालताना’. मी फोन काढला, तर म्हणाली, "राहू दे की. बुधवारी जायचंच आहे."