फाबर्जेचे दगडी प्राणी कोणी कोरले?

रशियन जवाहिरा कार्ल फाबर्जे याने अकीक, जेड अशा कठीण दगडांतले चिमुकले प्राणी स्वतःच्या हाताने कोरले आणि अस्सल प्राण्यावर त्याची सही असतेच, असा समज वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो खरा नाही. फाबर्जे पेढीचा मालक होता. नमुने पसंत करणे आणि कामावर कडक नजर ठेवणे ही त्याची कामे. कोरीवकाम देर्बिशेव, क्रेमल्योव अशा कारागिरांचे असे.

१९०७ मध्ये ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांनी सँडरिंगहॅम या आपल्या खाजगी इस्टेटीवरच्या प्राण्यांच्या प्रतिकृती फाबर्जेकडून मागवल्या, तेव्हा शिल्पकारांनी तिथे जाऊन जिवंत प्राण्यांसमोर मेणाचे नमुने घडवले आणि त्यांवरून दगड कोरले गेले. राजांचा लाडका कुत्रा सीझर कॅल्सेडनी या पांढऱ्या दगडात कोरलेला आहे. डोळे माणकांचे, आणि मीनाकामाच्या गळपट्ट्यावर अक्षरे आहेत, ‘मी राजाचा आहे’.

दगडावर सही बहुधा नसतेच. पक्ष्यांच्या सोन्याच्या पायांवर क्वचित छाप आढळतो, तोही बहुधा धातुकाम करणाऱ्या कारागिराचा. म्हणून नुसत्या ठळक सहीवर विसंबून खरेदी करू नये. वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली, याची कागदपत्रे आधी मागावीत. ज्यांच्या बोटांनी हा दगड जिवंत केला, त्यांची नावे मात्र दगडावर कुठेच नाहीत, ही खंत राहतेच.