पाचची मोटार, कोयनेचं पाणी आणि ‘पॉवर’

वाळवा-पलूसच्या पट्ट्यात मोटार भरून देणाऱ्या कुठल्याही दुकानात पाच मिनिटं थांबा, ‘पॉवर’ हा शब्द तीन-चार वेळा तरी कानावर पडतो. मोटारीला पॉवर नाही, लाईटला पॉवर नाही, नवीन पंपाची पॉवर जबरदस्त. त्याच रस्त्यावरच्या चष्म्याच्या दुकानात डोळ्याची पॉवर वाढलेली असते आणि मेडिकलमध्ये ‘जरा जादा पॉवरची’ गोळी मागितली जाते. राजकारणातल्या पॉवरचा विषय सातारा-सांगलीत काढला तर लेख संपायचा नाही. तो सोडून देऊ.

गोळीचं लवकर उरकतं. पाचशे किंवा साडेसहाशे हा आकडा म्हणजे गोळीतल्या औषधाचं मिलिग्रॅममधलं वजन, बाकी काही नाही. चष्म्याची पॉवर मात्र खरंच मोजमाप आहे. भिंग समांतर किरण किती मीटरवर एकत्र आणतं ते पाहायचं आणि एकला त्या अंतराने भागायचं. अर्ध्या मीटरवर आणलं तर नंबर अधिक दोन. या मापाला डायॉप्टर म्हणतात. ते फ्रान्समधले नेत्रतज्ज्ञ फर्डिनांड मोनोये यांनी १८७२ मध्ये सुचवलं.

घोळ होतो तो मोटारीच्या पॉवरमध्ये. बोलताना आपण तिला ताकद समजतो, पण भौतिकशास्त्रात पॉवर म्हणजे काम उरकण्याचा वेग. चाळीस टनांचा उसाचा फड वीस कोयत्यांच्या टोळीने एका दिवसात तोडला आणि दहा कोयत्यांच्या टोळीने दोन दिवसांत, तर तुटलेला ऊस तेवढाच. काम सारखं, पॉवर दुप्पट.

वाफेचं इंजिन घोड्यांच्या तुलनेत किती काम ओढतं हे गिऱ्हाइकाला पटावं म्हणून जेम्स वॉटने अश्वशक्ती ठरवली : मिनिटाला ३३ हजार फूट-पौंड. आजच्या हिशेबात ७४६ वॅट. पुढे वॅट हे एककच त्याच्या नावाने आलं. म्हणजे पाचची, अर्थात पाच अश्वशक्तीची, मोटार शाफ्टवर ३,७३० वॅट देते आणि स्वतःचं नुकसान धरून लाईनमधून साडेचार हजारांच्या आसपास ओढते. बिलावरचं युनिट हा यापुढचा गुणाकार : हजार वॅट एक तास. आठ तासांच्या रात्रपाळीत मोटार साधारण ३६ युनिट खाते. तेवढ्यात दहा वॅटचा एलईडी दिवा दीडशे दिवस रात्रंदिवस जळेल.

पॉवर आणि युनिट यांतला हा फरक कोयनेवर फार ठळक दिसतो. धरण पाटण तालुक्यात, मुख्य वीजगृहं सह्याद्रीपलीकडे पोफळीच्या बाजूला. एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. सगळी जनित्रं वर्षभर पूर्ण जोरात फिरवली तर सुमारे १,७१७ कोटी युनिट व्हायला हवेत. पण कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेकडे वळवायला दिलेलं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. वरच्या टप्प्यांवर ते पावणेपाचशे मीटरच्या आसपास कोसळतं आणि त्यातलं बरंचसं पुढे तिसऱ्या टप्प्यात पुन्हा वापरलं जातं. घर्षण, गळती सगळं शून्य धरा, तरी हिशेब तीनशे कोटी युनिटांच्या आसपासच थांबतो. म्हणूनच कोयना मुख्यतः मागणी एकदम चढते त्या वेळी उपयोगी पडते. तिची खरी किंमत तिच्या वेगात आहे. पाणी मोजकंच आहे.

इंग्रजी गणितात पॉवर म्हणजे घात, आणि चाळकेवाडीच्या पठारावर हे दोन अर्थ एकाच वाक्यात येतात : वाऱ्याची पॉवर त्याच्या वेगाच्या तिसऱ्या पॉवरप्रमाणे, म्हणजे घनाप्रमाणे, वाढते. वेग दुप्पट झाला की ताशी जाणारी हवा दुप्पट होते आणि त्या हवेच्या प्रत्येक किलोतली ऊर्जा चौपट. गुणाकार आठ. ताशी पंधरा किलोमीटरच्या वाऱ्यात पवनचक्कीचं पातं रमतगमत फिरताना दिसतं ते यामुळे. अर्थात वारा फार चढला की जनित्राच्या मर्यादेमुळे वाढ थांबते आणि वादळात तर चक्की बंदच ठेवावी लागते.

हाच घन आपल्या पाइपलाइनमध्ये उलटा अंगावर येतो. कृष्णेवरून दोन-तीन किलोमीटर लाईन टाकून माळावर पाणी नेणारे पुष्कळ आहेत. पाणी कमी पडलं की पहिला सल्ला मिळतो : पाचची काढ, साडेसातची बसव. पॉवर दीडपट, म्हणजे पाणी दीडपट, असं वाटतं. चढ उभा आणि लाईन आखूड असेल तर ते बरंचसं खरंही ठरतं. पण रान सपाट आणि लाईन लांब असेल तर पॉवर घर्षणातच जाते, आणि घर्षणाला लागणारी पॉवर प्रवाहाच्या घनाप्रमाणे वाढते. दीडचं घनमूळ १.१४. म्हणजे पाणी वाढणार जेमतेम चौदा टक्के, युनिट मात्र तासाला दीडपट. डीपीवरचा भार वाढून शेजाऱ्याच्या शिव्या मिळतात त्या वेगळ्याच.

अशा लाईनला पैसे घालायचेच तर पाइपात घाला. प्रवाह तेवढाच ठेवला तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने घटतं. तीन इंचीच्या जागी चार इंची टाकली की ते चौथाईच्याही आत येतं, आणि पाचची मोटार बदलावीच लागत नाही.