दीड टनाचा एसी दोन माणसं कशी उचलतात?

उन्हाळा तोंडावर आला की एसीच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती टनाचा हवा?’ बेडरूमला एक, हॉलला दीड. मग तोच दीड टनाचा एसी दोन माणसं जिन्याने वर नेतात. अर्थात हा टन वजनाचा नाही. एका दिवसात किती बर्फ वितळेल, याचा तो हिशेब आहे.

कृत्रिम थंडावा येण्याआधी बर्फाचा व्यापार चाले. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजांनी दूरदूर धाडत असे. १८३३ मध्ये त्याचं ‘टस्कनी’ हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन निघालं. चार महिन्यांनी ते कलकत्त्याला लागलं, तेव्हाही त्यातला शंभरेक टन शिल्लक होता! पुढे यंत्रं आली, पण गिऱ्हाइकाला थंडावा बर्फातच मोजायची सवय होती. त्यामुळे यंत्राची ताकदही बर्फाच्या टनांत सांगू लागले.

शून्य अंशाचा एक किलो बर्फ शून्य अंशाचंच पाणी होताना सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. अमेरिकी टन २,००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा. एवढा बर्फ चोवीस तासांत वितळायला ज्या वेगाने उष्णता लागते, तो वेग म्हणजे एसीचा एक टन. हिशेब केला तर तो साधारण साडेतीन किलोवॅट भरतो.

‘टन’ या शब्दाचं मूळही वजनात नाही, दारूच्या मोठ्या पिंपात आहे. जहाजात अशी किती पिंपं मावतात यावरून त्याची क्षमता ठरे. बॉम्बस्फोटाचा टन आणखी निराळा, तो टीएनटी या स्फोटकाच्या ऊर्जेचा.

आता विजेचं. दीड टन म्हणजे सव्वापाच किलोवॅट, मग मीटरही तेवढाच पळणार, अशी अनेकांची समजूत असते. तसं होत नाही. एसी थंडी तयार करत नाही, तो खोलीतली उष्णता उपसून बाहेर फेकतो, आणि उपसायला लागणारी वीज उपसलेल्या उष्णतेहून बरीच कमी असते. चांगला दीड टनी एसी दीड किलोवॅटच्या आसपास वीज घेतो. ताऱ्यांच्या लेबलवरचा ‘आयएसईईआर’ हा आकडा याच गुणोत्तराचा, हंगामभराच्या वापरावरून काढलेला.

त्याच लेबलवर थंडाव्याची क्षमता वॅटमध्येही छापलेली असते. माझ्या मते खरेदी करताना टनापेक्षा तीच वाचावी. ‘दीड टन’ म्हणून विकले जाणारे बरेच एसी प्रत्यक्षात ५,००० वॅटच्या आगेमागे असतात, म्हणजे हिशेबाच्या दीड टनाहून थोडे कमीच.